सहावं चाक

"आजोबा, मोटारीला चाकं किती?"

आमच्या नातवानं परवा मला कोड्यात पकडायचं ठरवलं होतं. मी बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. आकड्याच्या प्रश्नाला एकदम उत्तर देण्याची सवय नाही. 'चार' म्हणालो की फसलो, एवढं ओळखून मी सावधपणे म्हणालो, "पाच. स्टेपनी धरून."

"चूक! सहा! स्टिअरिंग व्हील राहिलं!"

नातू टाळ्या पिटत पळाला. मला मात्र जरा अपराधी वाटलं. ज्या चाकाची जन्मभर मी कड घेतली, तेच नेमकं मोजायचं विसरलो!

गाडी घ्यायला निघालेले लोक काय काय बघतात! कुणी रंग बघतो, कुणी "ॲव्हरेज काय देते?" विचारतो, कुणी डिकीत डोकं घालून किती बॅगा मावतील याचा हिशेब करतो. मी आधी स्टिअरिंग बघतो. माझं म्हणणं अगदी साधं आहे. इंजिन बॉनेटखाली झाकलेलं असतं, ते आपल्याला दिसत नाही आणि दिसलं तरी कळत नाही. रंग आत बसल्यावर दिसत नाही, तो शेजाऱ्यांसाठी असतो. हातात येतं ते एवढं एक चाक. चहाची चव काही कपाच्या कानावर अवलंबून नसते, हे मला मान्य आहे. पण कानात बोट जात नसेल तर तो चहा धोतरावर सांडतो, हे तुम्हीही मान्य कराल.

या आवडीचं मूळ एस.टी.त आहे. लहानपणी मे महिन्यात आम्ही कराडहून चिपळूणला आजोळी जात असू. वाटेत कुंभार्ली घाट. घाट लागला की घरची मंडळी लिंबू हुंगत डोळे मिटून बसत आणि मी ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला नाक लावून उभा राही. त्या गाडीचं स्टिअरिंग म्हणजे लग्नाच्या पंगतीतली परात! तेवढंच मोठं आणि जवळजवळ तितकंच आडवं. ड्रायव्हर ते फिरवत नसे, त्याच्याशी झुंजत असे. वळण आलं की तो बसल्या जागेवरून अर्धवट उठायचा, सगळं अंग त्या चाकावर टाकायचा आणि एवढी मोठी गाडी कुरकुरत डोंगराच्या कुशीत वळवायचा. वळण सरलं की नुसते हात सैल सोडायचा. चाक आपोआप गरागरा उलट फिरून जागेवर यायचं! मला ती जादू वाटे. पुढच्या चाकांचा खिळा किंचित तिरका बसवलेला असतो आणि त्यामुळे धावती चाकं आपणहून सरळ व्हायला बघतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. कळल्यावर जादू थोडी कमी झाली, आदर वाढला.

घाटात समोरून ट्रक येत. त्यांतल्या काहींच्या स्टिअरिंगला कडेला एक गोल मूठ बसवलेली असे. जात्याला खुंटा असतो ना, तशी. एका हातानं तो खुंटा धरून ड्रायव्हर चाक गरगर फिरवायचा आणि दुसऱ्या हातानं आमच्या ड्रायव्हरला सलाम करायचा. मोठेपणी काय व्हायचं, हे माझं त्या घाटात पक्कं ठरलं होतं. पुढे वडिलांनी बँकेचा अर्ज आणून दिला, ती गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष स्टिअरिंग माझ्या हाती आलं ते पुण्यात, १९७९ साली, एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. शिकवणारे मास्तर मितभाषी होते. त्यांचा क्लच त्यांच्या पायाशी, ब्रेकही त्यांच्या पायाशी, त्यामुळे बोलायची त्यांना गरजच पडत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात धरून चाकावर ठेवले. "हे घड्याळ समजा. एक हात दहावर, एक दोनवर. दहा वाजून दहा मिनिटं. लायसन मिळेपर्यंत हेच वाजले पाहिजेत." मी ते चाक असं आवळून धरलं होतं की तळहाताला घाम सुटला. मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साहेब, पोराचं बोट धरून रस्ता ओलांडतो तसं धरायचं. सोडायचं नाही आणि आवळायचंही नाही."

मोटार चालवण्याबद्दल पुढे मी बरंच वाचलं, पण याहून अधिक कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही.

मग १९८७ साली आम्ही गाडी घेतली. सेकंडहँड, १९८४ चं मॉडेल. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, बोलण्यात फियाट. या गाडीत बसलो आणि स्टिअरिंगविषयीच्या माझ्या चार अटी जन्माला आल्या.

पहिली अट, चाक मोठं हवं. शाळेत तरफेचा नियम शिकलो होतो, त्याचा आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग. दांडा जेवढा लांब तेवढा जोर कमी लागतो. चाकाचंही तेच. घेर जेवढा मोठा तेवढं वळवायला हलकं, मात्र हात जास्त फिरवावे लागतात. दुसरी अट, चाक बारीक हवं. कोवळ्या काकडीएवढं. मुठीत मावून बोटं तळव्याला टेकली पाहिजेत. तिसरी अट, ते गोल हवं. ही अट हास्यास्पद वाटेल, पण थोडं थांबा. आणि चौथी अट, त्यानं गप्प बसावं. त्याला वळवणं एवढं एकच काम असावं.

फियाटचं चाक मला या चारही कसोट्यांवर पसंत होतं. त्याच्या आऱ्यांमधून समोरचे काटे स्वच्छ दिसत. गियरचा दांडाही स्टिअरिंगच्या मानेलाच, डाव्या बाजूला. त्यामुळे खाली जमिनीवर काही अडगळ नाही आणि पुढची सीट घरातल्या बाकासारखी या दारापासून त्या दारापर्यंत सलग. या सीटचं पुढे काम आहे, म्हणून सांगून ठेवतो.

माझ्या या मतांना विरोधी पक्ष होता तो आमच्या मेहुण्याचा. त्यानं तेव्हा नवी मारुती घेतली होती. १९८३ च्या डिसेंबरात ती गाडी रस्त्यावर आली आणि मेहुणेमंडळींच्या चालण्याबोलण्यात फरक पडला, असं माझं निरीक्षण आहे. त्याचं म्हणणं, स्टिअरिंग लहान आणि जाड हवं, रेसच्या गाडीसारखं. "दाजी, तुम्ही गाडी चालवत नाही, विहिरीवरचा रहाट ओढता," असं तो चारचौघांत म्हणाला. नंतर वाईट वाटून त्यानं मला दिवाळीला एक भेट दिली. स्टिअरिंगचं कव्हर. मऊ, केसाळ आणि वाघाच्या पट्ट्यांचं! ते चढवून चार दिवस गाडी चालवली. व्याघ्रासनावर हात ठेवून एखादा साधू संसारात परत निघाल्यासारखा मी दिसत असेन. पाचव्या दिवशी सौ.नं ते काढून पायपुसणं म्हणून न्हाणीघरासमोर टाकलं. गोल पायपुसणं म्हणून त्याचं कौतुक मात्र पुष्कळ झालं.

मेहुण्याशी वाद घालायचा म्हणून मी वाचन वाढवलं. तेव्हा कळलं, की सुरुवातीच्या मोटारींना स्टिअरिंग व्हीलच नव्हतं. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. १८९४ साली पॅरिसहून रुआँला गाड्यांची शर्यत झाली, तिच्यात वाशरों नावाच्या एका फ्रेंच गृहस्थानं आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी चाक लावलं. त्याच फ्रेंचांनी १९५५ साली सित्रोएन डी.एस. नावाची गाडी काढली, तिच्या स्टिअरिंगला एकच आरा! आपल्याकडच्या बैलगाडीच्या सुतारानं तो बघितला असता तर बाकीचे आरे कुठे सांडले म्हणून शोधायला गेला असता. पण गोल तरी होतं बिचारं. १९७३ साली इंग्लंडात ऑस्टिन अलेग्रो गाडी आली आणि तिच्यात चक्क चौकोनी स्टिअरिंग! म्हणजे कोपरे गोलसर, पण चौकोनी. पाय ठेवायला जागा होते आणि समोरचे काटे दिसतात, असा त्यांचा दावा होता. गिऱ्हाइकांनी दोन-एक वर्षांतच त्यांना पुन्हा गोल चाक बसवायला लावलं.

आता कळलं ना, तिसरी अट का घालावी लागली?

आणि इंग्रजांना हसून उपयोग नाही. २०२१ साली अमेरिकेत टेस्लानं वरची कड छाटून टाकलेलं स्टिअरिंग काढलं. त्याला ते योक म्हणतात. योक म्हणजे जू. बैलाच्या मानेवर असतं ते. आमच्याकडे जू बैलाच्या मानेवर आणि कासरा मालकाच्या हातात, अशी कामाची वाटणी होती. आता लाखो रुपये मोजून जू मालकाच्याच हातात! २०२३ साली त्यांनी गोल चाक पुन्हा द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी घरात पेढे वाटणार होतो. सौ. म्हणाली, "दसऱ्याला झेंडूची माळ घालायला गोल चाकच हवं. एवढं मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं त्यांना."

इथवर झालं ते तत्त्वज्ञान. आता खरं सांगतो.

२००६ च्या पावसाळ्यात आमच्या गाडीचं स्टिअरिंग जड झालं. आधी थोडं, मग बरंच. चालत्या गाडीत विशेष नाही, पण उभ्या गाडीत वळवायचं म्हटलं की घाम फुटे. मी मेकॅनिककडे गेलो. त्यानं ग्रीस भरलं. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. त्यानं टायरमधली हवा बघितली, पुन्हा ग्रीस भरलं, स्वतः एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, लोण्यासारखी आहे गाडी." मी त्याच्याशी भांडलो. घरी येऊन सौ.ला सांगितलं, "हल्ली पूर्वीसारखे मेकॅनिक राहिले नाहीत." ती डाळ निवडत होती. "हं," म्हणाली.

खरं काय ते मला माहीत होतं. उजवा खांदा आखडला होता. हात वर जात नव्हता, मागे वळत नव्हता. शर्ट घालताना आधी उजवी बाही कशीबशी चढवायची आणि मग बाकीचा शर्ट ओढून घ्यायचा. फळीवरचा साखरेचा डबा काढता येईना, म्हणून मी दुपारचा चहा सोडला आणि तो प्रकृतीसाठी सोडला असं जाहीर केलं. आता माणूस खांदा दुखतो म्हणून सरळ का सांगत नाही? कारण सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. 'आता गाडी चालवणं बंद करा.' शिवाय वीस वर्षं मी मेहुण्यासमोर जड स्टिअरिंगचा पुरस्कार केलेला. स्टिअरिंगला वजन असावं, चालवणाऱ्याच्या मनगटात जोर असावा, ही माझीच वाक्यं. ती आता मलाच उचलवत नव्हती.

गणपतीच्या आधीचा रविवार होता. मखराचं सामान घ्यायला आम्ही तुळशीबागेत गेलो. मंडईजवळच्या एका गल्लीत गाडी लावली होती. परत येऊन बघतो तर पुढे टेम्पो, मागे हातगाडी, आणि मध्ये आमची फियाट जिलबीच्या डब्यात लाडू बसवावा तशी बसलेली. बाहेर काढायची म्हणजे जागच्या जागी चाक पार उजवीकडे, मग वीतभर पुढे, मग पार डावीकडे, मग वीतभर मागे. मी जोर लावला. चाक हललं नाही. दुसऱ्यांदा लावला. खांद्यातून कळ गेली आणि डोळ्यांसमोर मखरातले सगळे दिवे एकदम लागले. मागे रिक्षा, तिच्यामागे स्कूटर, सगळ्यांचे हॉर्न. स्कूटरवाला ओरडला, "काका, काढताय, की आम्ही जेवून येऊ?"

सौ.नं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. पदर खोचला. त्या सलग बाकावरून सरकत माझ्या शेजारी आली आणि तिनं दोन्ही हात चाकाच्या डाव्या अंगाला लावले.

"तुम्ही खाली ओढा. मी वर ढकलते."

"अगं, लोक बघताहेत."

"बघू देत. मी आजीबरोबर जात्यावर बसायची. एकटीनं ओढलं तर जातं जडच लागतं. खुंट्याला दोघींचे हात लागले की लागत नाही. हं, ओढा!"

चाक हललं. एक फेरी, दुसरी फेरी. हात एकमेकांवर येत होते, तिच्या बांगड्या चाकाच्या कडेवर वाजत होत्या. सहा-सात वेळा पुढे-मागे करून गाडी बाहेर निघाली. स्कूटरवाला शेजारून जाताना काही बोलला नाही. चार हातांनी चालणारं वाहन त्यानं पुण्यातसुद्धा पाहिलं नसावं.

घर येईपर्यंत दोघंही गप्प होतो. गाडी लावल्यावर तिनं विचारलं, "खांदा फार दुखतोय?"

"कुठला खांदा?"

"दोन महिने झाले. मला माहितीय. शर्ट कसा घालता ते दिसत नाही का मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज स्टिअरिंगवर बोलत होतात. मधे कशाला बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. त्यांनी फ्रोझन शोल्डर म्हणून निदान केलं आणि व्यायामाला पाठवलं. व्यायामाच्या खोलीत शिरलो आणि थक्क झालो. भिंतीला एक मोठं चाक बसवलेलं होतं! त्याला एक मूठ. ती धरून चाक फिरवायचं, सकाळ-संध्याकाळ. मोठं, बारीक, गोल आणि गप्प. माझ्या चारही अटी पुरवणारं आणि वर खुंटा असलेलं स्टिअरिंग शेवटी मला दवाखान्यात भेटलं. त्याला गाडी तेवढी नव्हती. आठ महिने मी ते चालवलं. खांदा सुटला.

तोवर फियाट मात्र विकली. २००७ साली पॉवर स्टिअरिंगची गाडी आली. ही सोय १९५१ साली अमेरिकेत क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत प्रथम बाजारात आली होती. आमच्या गल्लीत यायला तिला छप्पन्न वर्षं लागली. आता जोर माणसानं लावायचा नाही, यंत्रानं लावायचा. त्यामुळे चाक लहान झालं, तरफेच्या नियमाला निवृत्त करण्यात आलं. सौ. चोपन्नाव्या वर्षी त्याच गाडीवर शिकली आणि उत्तम शिकली. एका तळव्यानं चाक फिरवत ती गाडी अशी मागे लावते, की बघणाऱ्यानं बघत राहावं. मी डावीकडे बसतो आणि वळण आलं की माझे हात उगीच मांडीवर दहा वाजून दहा मिनिटं वाजवतात. मदत करावी म्हटलं तरी करता येत नाही. मध्ये गियर आहे, हँडब्रेक आहे, पाण्याच्या बाटलीची जागा आहे. दोन सीटच्या मध्ये वेसच उभी केलीय म्हणा ना!

गेल्या आठवड्यात मुलाला नवी गाडी घ्यायची म्हणून आम्ही सगळे एका शोरूममध्ये गेलो. "बाबा, बसून बघा," म्हणून मला पुढे बसवलं. समोरचं स्टिअरिंग खालून सपाट होतं, थाळीची एक कड कुणी चुकून कापल्यासारखं. रेसच्या गाडीत मांड्यांना जागा व्हावी म्हणून असं करतात. आमच्या घरातलं कुणी शर्यतीला जाणार नाही, पण मांड्या सगळ्यांना आहेत, म्हणून मी ते चालवून घेतलं. चाकावर बटणं मोजली तर चौदा. आवाज वाढवायचं, फोन घ्यायचा, फोन ठेवायचा. चौथ्या अटीचं काय झालं ते विचारू नका. विक्रेता पोरगा चुणचुणीत होता. "सर, या मधल्या भागात एअरबॅग असते. म्हणून हात नऊ आणि तीनवर ठेवायचे." नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून सक्तीचीच झाली आहे. म्हणजे मास्तरांनी लावून दिलेले दहा वाजून दहा मिनिटं गेले. आता पावणेतीन! मी निमूटपणे पावणेतीन वाजवले. चाक सुबक होतं, कातडं मऊ होतं, एका बोटानं फिरत होतं. मेहुणा आज असता तर "काय दाजी?" म्हणाला असता, आणि मी हार मानली असती.

"कसं वाटलं, सर? काही शंका?"

"एकच," मी म्हणालो. "यावर चार हात मावतील का?"

पोरगा जरासा गोंधळला. मग हातातल्या माहितीपत्रकाकडे नजर टाकून नम्रपणे म्हणाला, "सर, गाडी फाइव्ह सीटर आहे."

मागच्या सीटवर बांगड्या वाजल्या. मी आरशात बघितलं. सौ. खिडकीबाहेर बघत होती आणि पदरानं तोंड झाकून हसत होती.